झैतून बंदराच्या सफरीची तयारी

कोकणी मुसलमानांच्या घरात जहाजाची गोष्ट कधी निघालीच नाही, असे विरळाच. रत्नागिरीच्या आमच्या घरातही आजोबा खलाशी होते. त्यामुळे परदेश पाहायचा ठरला तेव्हा दुबई-सिंगापूर मागे पडले आणि चीनच्या फुजियान प्रांतातले छुआनझोऊ पुढे आले.

अरब व्यापारी या बंदराला झैतून म्हणत. चौदाव्या शतकात इब्ने बतूताने कालिकतला चिनी जहाजे पाहिली आणि पुढे कधीतरी झैतूनही गाठले. तिथली छिंगजिंग मशीद १००९ सालची; १३१० मध्ये तिची दुरुस्ती झाली. जुन्या नमाजगृहावर आज छप्पर नाही, पण दगडी भिंतींवर कोरलेल्या आयती शाबूत आहेत. लिंगशान टेकडीवरच्या जुन्या मुस्लिम कबरींपाशी दर्यावर्दी झेंग हे यांच्या भेटीचा १४१७ चा शिलालेख आहे. तेही युन्नानच्या मुस्लिम घराण्यातले. सागरी संग्रहालयात अरबी कबरशिळांबरोबर हिंदू मंदिराचे कोरीव दगडही जपले आहेत. २०२१ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशात स्थान दिले.

घरात मात्र अम्मीने रोकडा सवाल केला, "पैसे साठलेत, तर आधी उमरा का नको?" तिचे म्हणणे डावलून निघणे आम्हाला पटेना. म्हणून तिच्या उमऱ्याची रक्कम वेगळी काढली आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढीच, आठ दिवसांची सफर आखली.

व्हिसा आधीच काढावा लागतो. २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझोऊ मार्गाने पुन्हा सुरू झाली. ग्वांगझोऊहून पुढे वेगवान रेल्वे आहे. तिकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल नेहमीसारखे चालत नाहीत. म्हणून नकाशे व पत्ते चिनी लिपीत छापून घेतले. पैसे बहुतेक ठिकाणी मोबाईलवरूनच देतात, तेव्हा अलीपे इथूनच सुरू करून घ्यायचे.

खाण्याचा प्रश्न मोठा. साध्या भाजीतही डुकराची चरबी असू शकते. हलाल हॉटेलावर 'छिंगझेन' अशी पाटी असते. ती चिनी अक्षरे मुलांनी गिरवून पाठ केली आहेत. हुई मुसलमानांची शेवयांची दुकाने अनेक शहरांत असतात. तरीही खजूर आणि चणे सोबत असतीलच.

नकाशावर पाहिले, तर छुआनझोऊचा किब्ला जवळजवळ रत्नागिरीसारखाच, पश्चिमेला आणि किंचित उत्तरेकडे. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मुसल्ला आधी भरा, कपडे नंतर."