स्पितीच्या वाटेसाठीं जुनी गाडी

हिमाचल प्रदेशांतील लाहौल प्रांतांत तांदी म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें चंद्रा आणि भागा ह्या दोन नद्या एकमेकींस मिळतात, आणि संगमापासून पुढें चंद्रभागा ह्या नांवानें वाहणारा तो प्रवाह जम्मूच्या डोंगरांत शिरून चिनाब होतो. ऋग्वेदांत जिला असिक्नी म्हटलें आहे ती नदी हीच. दोघींचाही उगम बारालाचा खिंडीच्या दोन अंगांस आहे. पंढरपुरास भीमा चंद्रकोरीसारखें वळण घेते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतों. परंतु उत्तरेकडे चंद्रा निराळी आणि भागा निराळी अशा दोन नद्याच आहेत, हें आम्हीं एकदां जेवतांना बोलून गेलों. आमच्या वहिनींनीं आजवर आषाढी चुकविलेली नाहीं. वाढतां वाढतां त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मग ती चंद्रा एकदां पाहिली पाहिजे." आमच्या घरांत वहिनींचा शब्द म्हणजे हुकूम.

2020 सालीं रोहतांग खिंडीखालून नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हांपासून मनालीहून तांदीस कोणतीही घरगुती मोटार सुखानें जाते. पण चंद्रेची खरी सोबत घडते ती ग्रांफू ते बातल ह्या सुमारें पन्नास किलोमीटरांच्या वाटेवर. ही वाट पुढें कुंझुम खिंड ओलांडून स्पितींत उतरते. तिला रस्ता म्हणावयाचें तें केवळ नकाशांत तशी रेघ आहे म्हणून. पुष्कळ ठिकाणीं ती नदीच्या पात्रांतील गोट्यांतूनच जाते, आणि डोंगरावरून येणारे बर्फाचे ओढे तिला आडवे वाहतात. मध्यें पेट्रोल मिळत नाहीं, आणि गाडी बंद पडल्यास मागून येणाऱ्याची वाट पाहण्यावांचून गति नसते. अशा ठिकाणीं सत्तरीच्या बाईमाणसास घेऊन जावयाचें, तर गाडीची निवड ही हौसेची बाब राहत नाहीं.

नवी गाडी आमच्या आवांक्याबाहेरची होती. घरचा पैसा सामायिक. त्यांतून पांच लाखांपर्यंत खर्च करण्यास थोरल्या बंधूंनीं संमति दिली, आणि तीही "पुतण्याबरोबर तूं स्वतः जाऊन गाडी पाहशील तर" ह्या अटीवर. आमचें यंत्रज्ञान बेताचेंच. परंतु चाळीस वर्षें विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्यामुळें नीट मांडलेलें खोटें ओळखण्याची संवय झालेली आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारांत तिचाच उपयोग अधिक होतो.

प्रथम आमच्या वाचकांस एक भेद सांगितला पाहिजे. उंच बांध्याची, रुंद टायरांची, जाहिरातींत डोंगरावर उभी केलेली प्रत्येक गाडी चारी चाकांनीं चालणारी असतेच असें नाहीं. पुष्कळांना इंजिनाची ओढ दोनच चाकांस मिळते. चौचाकी ओढीच्या गाडींत ट्रान्सफर केस म्हणून एक वेगळी पेटी असते. ती ओढ पुढील आंसासही पोंचविते, आणि चांगल्या गाडींत तिला 'लो' म्हणून एक सावकाश पण जोरदार चाल असते. आमच्या मतें सारें महत्त्व ह्या 'लो'चें आहे. कुंझुमची उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सत्तावन-अठ्ठावन टक्के उरतो, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्तिही जवळजवळ तितकीच उरते. ऐंशी अश्वशक्तीचें इंजिन तेथें पंचेचाळीसांवर येतें. टर्बो असलेलें डिझेल इंजिन इतकें खचत नाहीं हें खरें; पण ज्या गाडीस 'लो'ची चाल आहे तिचें चाळीस घोड्यांतही भागतें, आणि जिला ती नाहीं तिचा क्लच शंभर घोडे असूनही गोट्यांच्या चढावर जळूं शकतो.

पुतण्याची ओढ एका मोठ्या, दोन टनांहून वजनदार गाडीकडे होती. ती दिसण्यांत राजस, आंत बैठक मऊ, आणि चौचाकी चाल लागते ती एक चकती फिरविली कीं. "काका, वहिनीआजींस हिच्यांतच आराम पडेल," असें तो म्हणे. (त्याच्या मुलांचें ऐकून तोही स्वतःच्या आईस वहिनीआजी म्हणूं लागला आहे, आम्हांस ही रीत पसंत नाहीं, पण असो.) त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. परंतु ती चकती म्हणजे केवळ विजेची कळ. खरें काम आंतील लहानशी मोटर करिते, आणि तिला हुकूम देणारी पेटी वेगळीच असते. दहा वर्षांच्या जुन्या गाडींत ह्यांपैकीं काय कधीं संप करील हें सांगतां येत नाहीं, आणि दुरुस्तीस लागणारें उपकरण स्पितींत मिळण्याचा संभव थोडा. उलट, लोखंडी दांड्यानें लागणारी चाल लागत नसली तर कां लागत नाहीं हें गांवचा मिस्त्रीही गाडीखालीं निजून पाहूं शकतो.

म्हणून आमची दृष्टि दोन गाड्यांवर आली. एक महिंद्रांची पहिली थार. ती 2010 सालीं निघाली आणि 2020 सालीं तिची जागा नव्या थारनें घेतली. दुसरी मारुतीची जिप्सी, जी 1985च्या अखेरीस आली आणि सुमारें तेहतीस वर्षें फारशी न बदलतां विकली गेली. थारच्या टर्बो डिझेल इंजिनास उंचीवर दम अधिक. जिप्सी तिच्याहून पुष्कळ हलकी, सुमारें एक टन. ओढ्यांतील वाळू आणि सुटे गोटे ह्यांवर हलकेपणासारखा गुण नाहीं. रुतली तर चार माणसें तिला लोटतात. दोन टनांच्या गाडीस दुसरी गाडीच लागते. जिप्सींतही 2000 सालानंतरची, म्हणजे इंधन फवाऱ्यानें देणारी घ्यावी. जुन्या कार्ब्युरेटरास उंचीवरची विरळ हवा कळत नाहीं. तो पेट्रोल तितकेंच सोडतो आणि इंजिन काळा धूर ओकूं लागतें. जिप्सीचे दोषही सांगितले पाहिजेत. पुढें-मागें पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळें बैठक कठीण. कारखान्याची वातानुकूलन व्यवस्था नाहीं. पुष्कळ गाड्यांत मागील बांक समोरासमोर, त्यामुळें बसणाऱ्याची कंबर दुखते. टांकी चाळीस लिटरांची. वहिनींस हें सारें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "पूर्वीं एस्टीच्या मागच्या बांकावर पंढरपूर केलें आहे."

आतां पाहणीविषयीं. ह्या गाड्यांचा सांगाडा म्हणजे चासी, ती खालून पहावी. वरच्या रंगावर एक क्षणही घालवूं नये. आम्हीं पाहिलेल्या पहिल्याच गाडीच्या चासीस खालून ताजा काळा रंग दिलेला होता. रंग देणें गुन्हा नव्हे. पण इतर सर्व गाडी धुळींत असतां पोटच तेवढें नवें कोरें कां, असा प्रश्न कोणाही शाळामास्तरास पडेल. मिस्त्र्यानें स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकीत नेली. दोन ठिकाणीं आवाज बद्द आला, आणि तिसऱ्या ठिकाणीं, जेथें पाट्याचा टांगता दुवा चासीस जोडतात तेथें, पातेंच आंत गेलें. मग कळलें कीं गाडी बरींच वर्षें कोंकणांत समुद्रकांठीं होती आणि पुळणीवर फिरविली जात असे. खारें पाणी गंजाचें काम आंतून करितें. विकणारा म्हणाला, "साहेब, वेल्डिंग करून देतों." तुटलेला पाटा बदलतां येतो, पाट्यास धरणारी चासी कुंझुमच्या उतारावर सुटली तर वेल्डिंग करणारा कोठून आणावा? आम्हीं नमस्कार करून निघालों.

दुसरी गाडी वरून गरीब दिसे, पण चासी सरळ आणि कोरडी होती. तरी येथें एक गोष्ट आमच्या मिस्त्र्यानें केली ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें दोन्ही आंसांच्या मध्यावरील गोळ्याचें, म्हणजे डिफरेन्शियलचें, बूच उघडून आंत बोट घातलें. बोटावर आलेलें तेल दुधाळ, राखी रंगाचें होतें. पाणी शिरून घुसळलें गेलें म्हणजे तेलास असा रंग येतो. ह्याचा अर्थ गाडी खोल पाण्यांतून गेली आणि नंतर कोणीं तेल बदललें नाहीं. दांते व बेअरिंगें कितपत खाल्लीं गेलीं हें उघडल्यावांचून कळणार नाहीं. ही गाडीही सोडली.

तिसरी 2013 सालची. इंजिन थंड असतांनाच सुरू करावयाचें, असें आम्हीं आदल्या दिवशीं बजावून ठेविलें होतें, आणि पोंचतांच बॉनेटवर हात ठेवून तें थंड असल्याची खात्री केली. निळा धूर नाहीं. चारी टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले. हें महत्त्वाचें आहे. कारण चौचाकी चाल लावली कीं पुढचा व मागचा दांडा एकत्र बांधले जातात, आणि चाकांचे घेर लहानमोठे असल्यास सारा ताण ट्रान्सफर केसवर पडतो. ह्याच कारणासाठीं ही चाल कोरड्या डांबरी सडकेवर लावूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि तो फरक घसरण्यास जागा नसली म्हणजे यंत्रांत कोंडतो. म्हणून आम्हीं गाडी एका नांगरलेल्या माळावर नेवविली. तेथें चौचाकी चाल, मग 'लो', मग पुन्हां साधी, असें तीन वेळां करविलें. 'लो'मध्यें चढावर पाय काढला असतां गिअर बाहेर उडतो कीं काय हें पाहिलें. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्यें थोडी झीज होती. तेवढी किंमतींतून वळती झाली.

कागदपत्रांस आम्हीं गाडीइतकाच वेळ दिला. चासी व इंजिन ह्यांवर ठोकलेले आंकडे नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः ताडून पाहिले, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, त्यानंतर तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. तेव्हां 2013च्या गाडीस 2028पर्यंत चिंता नाहीं. स्वस्ताईस भुलणाऱ्यांस एक सूचना. 2015 सालीं राष्ट्रीय हरित लवादानें दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश काढले, तेव्हांपासून तिकडील गाड्या स्वस्तांत इतर प्रांतीं येऊं लागल्या. तशी गाडी घेतांना तिकडचें नाहरकतपत्र आणि इकडचा कर हे दोन्ही हिशेबांत धरावे. ह्या बाबतींतले नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे देण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत स्वतः विचारावें.

प्रवास आम्हीं उलट अंगानें केला, आणि वडील मंडळी बरोबर असतील त्यांनीं तसाच करावा. मनालीकडून गेल्यास एकाच दिवसांत माणूस एकदम उंच चढतो आणि डोकें धरतो. शिमल्याहून किन्नौरमार्गें गेल्यास कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम घेत उंचीची संवय हळूहळू होते. ताबोचा विहार 996 सालचा. त्याच्या मातीच्या भिंतींआंतील चित्रें पाहतां वहिनी दोन तास हलल्या नाहींत. काझा येथें चार रात्री राहिलों, टांकी व एक डबा पेट्रोलानें भरून घेतला, आणि शेवटचा मुक्काम लोसरास केला. त्याचें कारण ओढे. रात्रीं बर्फ गोठतें म्हणून पहांटे त्यांना पाणी थोडें. ऊन चढलें कीं वितळून दुपारीं तेच ओढे गर्जूं लागतात. लोसराहून उजाडतां निघालों तर बातलास आठांच्या सुमारास येतां येतें.

बातलास चंद्रा प्रथम दिसली. करडी, थंड, वेगवान; पंढरीच्या वाळवंटाचें कोणतेंही सौम्य लक्षण तिच्यांत नाहीं. वहिनींनीं चप्पल काढून दुरूनच हात जोडले, आणि "फार रागीट आहे हो ही," एवढेंच बोलल्या.

पुढें छतडूकडे येतांना एका ओढ्यांत एक भली मोठी झगझगीत गाडी उभी होती. पाणी गुडघ्याच्या आंतच. पण चाक गोट्यांत बसलें होतें, दिव्यांची सारी पाटी लुकलुकत होती, आणि चौचाकी चाल लागत नव्हती. मालक तरुण गृहस्थ, बरोबर दोन लहान मुलें गारठून बसलेलीं. नऊ वाजून गेले होते. पाणी चढावयास अजून अवकाश होता, पण फार नव्हे. पुतण्या काठी घेऊन ओढ्यांत उतरला, तळ चांचपून वाट ठरविली, आणि 'लो'च्या दुसऱ्या गिअरांत, मध्यें क्लच न दाबतां, आमची गाडी पलीकडे नेली. मग दोर बांधून ओढ घेतली. दोनदां आमचींच चाकें फिरलीं. हलकेपणाचा तोटा तो हाच. तिसऱ्यांदा, मुलें उतरवून आणि चार वाटसरूंनीं मागून खांदा दिल्यावर, ती गाडी हलली. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्याच्याकडे पाहिलें नाहीं. पलीकडे निघाल्यावर थोडें अंतर ब्रेक हलके दाबीत चालविलें, कारण मागचे ब्रेक भिजले म्हणजे कांहीं वेळ धरीत नाहींत.

दोनच्या आंत आम्ही बोगद्यांतून पार झालों. मनालीस मिस्त्र्याकडून पाट्यांचे नट आवळून घेतले आणि दोन्ही आंसांचीं बुचें उघडविलीं. तेल पिवळें आणि स्वच्छ होतें. तरीही तें काढून नवें भरविलें. पुण्यापर्यंतची सारी सडक अजून पुढें होती.