एका चुलीवर किती माणसे?

२०२३ च्या निज श्रावणातली दुपार. करी रोडच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी एक तरुण हातात टॅब्लेट घेऊन आला. घरगुती उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत आमचे घर नमुन्यात निघाले होते. ओळखपत्र दाखवून, पाणी पिऊन झाल्यावर त्याने पहिला महत्त्वाचा प्रश्न आईला विचारला : "आजी, तुमच्या एका चुलीवर किती माणसं जेवतात?"

"आता दोन. मी नि ही," आई म्हणाली. मग थोडे थांबून, "पूर्वी अकरा होती."

"पूर्वीचं नको आजी. आत्ताचंच हवंय."

प्रस्तुत लेखिका मराठीची प्राध्यापिका आहे. अर्थशास्त्राशी तिचा संबंध महागाई भत्त्यापुरता. पण त्या दिवशी मी शेजारी बसून ती प्रश्नावली ऐकली आणि ती मला एखाद्या विलक्षण कादंबरीच्या आराखड्यासारखी वाटू लागली. तांदूळ, डाळ यांसारख्या वस्तू गेल्या तीस दिवसांतल्या विचारायच्या. भाजी, फळे, अंडी, मासळी गेल्या सात दिवसांतली. कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू गेल्या ३६५ दिवसांतल्या. माणूस आठवडाभरापूर्वीची कोथिंबीर विसरतो, पण वर्षापूर्वीचा पंखा विसरत नाही, हे ज्याने ओळखले त्याला स्मरणशक्तीची चांगलीच जाण असली पाहिजे. "सात दिवसांत मासळी?" या प्रश्नावर आईने त्या मुलाकडे असे पाहिले की त्याने आपसूकच शून्य टिपले. श्रावणात कोकणी घराला मासळी विचारायची! अर्थात आमच्या त्या शून्याने देशाचा हिशेब बिघडत नाही. पाहणी वर्षभर चालते ती याचसाठी. आमचा श्रावण दुसऱ्या कुणाच्या तरी मार्गशीर्षाने किंवा माघाने भरून निघतो.

तो मुलगा तीन महिन्यांत तीनदा आला. एकदा खाण्याचे, एकदा रोजच्या वापराच्या वस्तूंचे आणि सेवांचे, एकदा टिकाऊ वस्तूंचे विचारायला. अशा लक्षावधी उत्तरांतून कुटुंबाच्या शंभर रुपयांतले किती कशावर जातात हे ठरते आणि त्याच प्रमाणात ग्राहक किंमत निर्देशांकात त्या त्या वस्तूला वजन, म्हणजे भार, मिळतो. मग दरमहा केवळ भाव टिपायचे, टोपली तीच. टोपली पुन्हा केव्हा भरायची, हा या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न असावा. २०११–१२ च्या पाहणीवर भरलेली टोपली २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. त्यानंतर २०२४ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि खाद्यपदार्थांचा भार ४५.८६ वरून ३६.७५ वर उतरला. व्हीसीआर आणि टेपरेकॉर्डर टोपलीतून गेले. आमच्या कपाटावर आबांचा टेपरेकॉर्डर अजून आहे. तो वाजत नाही, म्हणजे शासनाच्या निर्णयात तथ्य आहे.

पण माझे मन अडकले ते त्या 'अकरा'वर.

आई लग्न होऊन १९७२ मध्ये करी रोडच्या चाळीत आली, दहा बाय बाराच्या खोलीत. आबा एका गिरणीत साचे खात्यात होते. दोन वर्षांत तिने खाणावळ सुरू केली. वरच्या मजल्यावर आमच्या गावच्या मंडळाची खोली होती. तिथले नऊ जण आमचे 'मेंबर'. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे ती खोली आणि आमची चूल दोन्ही कधी रिकामी नसत. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. आईचा हिशेब निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत असे : वाणी, रॉकेल, मासळी, दूध, लालबागच्या मिरचीगल्लीतली मिरची; आणि शेवटचा, कधीही न चुकणारा रकाना – 'गावी'.

पाहणीच्या नियमाने या घराचे काय झाले असते? एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. खाणावळीत जेवणारा प्रत्येक जण मात्र स्वतंत्र, एकट्याचे कुटुंब. म्हणजे एका चुलीवरची आमची अकरा माणसे कागदावर दहा कुटुंबे झाली असती. आणि 'गावी' हा रकाना? तो उपभोगच नव्हे. पाठवलेला पैसा पाठवणाऱ्याच्या खर्चात धरत नाहीत. तो गावात खर्च झाला की तिथे मोजला जातो. तर्क निर्दोष आहे. अन्यथा एकच रुपया दोनदा मोजला जाईल. पण ज्या माणसाने मुंबईत आयुष्य काढले तेच मुळी त्या रकान्यासाठी, त्याच्या खर्चाच्या चित्रात तो रकाना नाही, हे मला कुठेतरी खुपते.

ही अडचण जुनीच आहे. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१ मध्ये 'लेबर गॅझेट' सुरू केले आणि त्यात कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला आरंभ केला. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१–२२ मध्ये चाळीचाळींतून जमाखर्च गोळा झाले. अहवाल १९२३ चा. त्यात २,४७३ कुटुंबे आणि वेगळे मांडलेले ६०३ एकटे पुरुष. त्या ६०३ जणांची चूल कोण पेटवत होते, याची मला आज उत्सुकता आहे. कुटुंबाच्या खर्चात अन्न ५६.८ टक्के, भाडे ७.७ टक्के, आणि शेकडा ४७ कुटुंबे कर्जात. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास दर, म्हणजे वर्षाला पाऊणपट. १९३२–३३ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा अन्न ४६.६० वर उतरले होते, भाडे १२.८१ वर चढले होते. मंदीत धान्य स्वस्त झाले होते, हे त्याचे एक कारण. कामगार अचानक सुखवस्तू झाला होता असे नव्हे. टक्केवारीचा हा चकवा साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ओळखून असावे.

हे आकडे विद्वानांपुरते राहिले नाहीत. मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप केला. पुढे भत्ता निर्देशांकाला बांधला गेला आणि 'पॉइंट' हा शब्द चाळींच्या बोलीत शिरला. किती पॉइंट चढले हे आबा वर्तमानपत्रात क्रिकेटच्या आधी पाहत. पण हा भत्ता बेतलेला होता १९३३–३४ च्या टोपलीवर, आणि ती टोपली दुसरे महायुद्ध, रेशनिंग, स्वातंत्र्य, संयुक्त महाराष्ट्र हे सगळे ओलांडून साठीच्या दशकात आली. बाजारातला भाव आणि गॅझेटातला भाव जुळेना. १९६३ मध्ये राज्य शासनाने मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि समितीचा निष्कर्ष असा की निर्देशांक महागाई कमीच दाखवत होता. वाण्याकडे रोज जाणाऱ्या बायकांना हे आधी ठाऊक होते. तज्ज्ञांकडून त्यावर शिक्कामोर्तब झाले. दारिद्र्यरेषेच्या वादात आपण ज्या लकडावाला समितीचे नाव ऐकतो ती त्यांचीच, तीस वर्षांनंतरची.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकाला १९६० नंतर नवा पाया मिळाला तो १९८२ चा, १९८१–८२ मधल्या कुटुंब पाहणीवर आधारलेला. १९८२ = १००. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुन्हा एकदा नीट वाचले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बहुतेकांसाठी तो कधी संपलाच नाही. त्या पाहणीच्या केंद्रांत मुंबई होतीच. ज्या वर्षी गिरणगावात पगार नव्हता, ते वर्ष देशातल्या कामगाराच्या खर्चाचे शंभर ठरले.

त्या सालची वही माझ्याकडे आहे. फेब्रुवारीपर्यंत नऊ मेंबर. एप्रिलमध्ये पाच. पावसाळ्यात दोन, तेही उधारीवर. मासळीचा रकाना आधी आठवड्यावर गेला, मग रिकामा झाला. दूध अर्धा लिटर, पाव लिटर, आणि पुढे माझ्यापुरते. मी तीन वर्षांची होते. निर्देशांक यातले काही सांगू शकत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. तो सांगतो की पापलेट किती महागले. ते ताटातून गेले तरी टोपलीत आपल्या पूर्ण भारासह राहतेच. आबा जूनमध्ये शेतीच्या निमित्ताने गावी गेले. त्यानंतर 'गावी' या रकान्यात आईने काही महिने काहीच लिहिलेले नाही, आणि दिवाळीच्या सुमारास प्रथमच एक उलटी नोंद आहे : 'गावाहून – तांदूळ एक मण, आमसुले.' जयंत पवारांचे 'अधांतर' वर्गात शिकवताना मला दर वर्षी ही ओळ आठवते. वर्गात ती कधी सांगितलेली नाही.

आबांची गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांना परत घेतले नाही. ते पुढे एका सोसायटीत रखवालदार झाले. तिथे भत्ता वगैरे काही नव्हते, त्यामुळे पॉइंट पाहण्याचे कारण उरले नाही. सवयीने ते पाहत.

आणि तो निर्देशांक आज कुणाच्या कामी येतो? माझ्या. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचा महागाई भत्ता केंद्राच्या दराच्या मागोमाग जातो, आणि केंद्राचा दर ठरतो औद्योगिक कामगारांच्याच निर्देशांकावरून. बारा महिन्यांची सरासरी काढायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे आणि त्यालाच भागायचे. सप्टेंबर २०२० पासून या मालिकेचा पाया २०१६ झाला. जुन्याशी सांधा जुळवण्यासाठी २.८८ ने गुणतात. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सहकारी हे सहा महिने आधीच करून ठेवतात आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करतात. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, बंदरे, वीज, सार्वजनिक मोटार वाहतूक – या सात क्षेत्रांतल्या कामगारांच्या घरचा खर्च, आणि भत्ता 'कविता आणि समीक्षा' शिकवणाऱ्या बाईंना. मी तो घेते. न घेण्याइतकी मी थोर नाही.

खिडकीतून दिसणारे मनोरे हाही याच हिशेबाचा भाग आहे. सर्वसाधारण निर्देशांकाचे भार एकूण खर्चातून निघतात. जो दहापट खर्च करतो त्याची आवडनिवडही दहापट भारी. लोकशाहीत एका माणसाला एक मत, टोपलीत एका रुपयाला एक. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या मनोऱ्यांतले एक घर आणि आमची आख्खी जुनी चाळ समोरासमोर ठेवली, तर पारडे कुठे झुकेल हे सांगायला नको.

तो मुलगा शेवटचा आला तेव्हा गणपती नुकतेच गेले होते आणि लालबागचे रस्ते नुकते मोकळे झाले होते. टिकाऊ वस्तूंचे प्रश्न पटकन संपले. वर्षभरात आम्ही फक्त मिक्सर घेतला होता. तो टॅब्लेट बंद करणार तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, गावी पाठवते ते राहिलं. दिराला, महिन्याला दोन हजार."

"ते यात येत नाही, आजी."

"येत नाही म्हणजे? खर्च होतो ना?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. त्याने पुन्हा टॅब्लेट उघडला, वरखाली सरकवून पाहिला, खरोखरच पाहिला, आणि म्हणाला, "नाही आजी, रकानाच नाहीये."

"मग राहू दे," आई म्हणाली. "चहा घेऊन जा."