कड्याच्या काठाने पितळखोऱ्याला

कन्नडचा डोंगर आधी उतरायचा असतो. चढ लागतो तो परतताना. गाव मुळातच पठारावर आहे. उत्तरेकडे निघालं की मक्याची, कपाशीची रानं सपाट पसरलेली दिसतात, आणि एका जागी पायाखालची जमीनच संपते. खाली खानदेश. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेचा हा काठ कन्नडची माणसं एसटीच्या खिडकीतून, औट्रम घाटात, कितीदा तरी पाहतात. पायी तो बघायला फारसं कुणी जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पाऊस ओसरल्यावर आईला आणि भाचीला घेऊन मी पितळखोऱ्याच्या लेण्यांना गेले. आईचे गुडघे दुखतात, भाची तिसरीत. ‘‘झेपेल का गं मला?’’ एवढंच आईने विचारलं. कन्नडपासून वीसेक किलोमीटर गाडीने, पुढे पठारावरून पायी. पठारावर चढ जवळजवळ नाहीच. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, ओलसर जागी तेरडा फुललेला.

आई खेड्यात वाढलेली, त्यामुळे झाडं तीच दाखवत होती. अंजनाची एक फांदी तिने खाली ओढली. अंजनाचं पान जवळून बघण्यासारखं असतं. एका देठाला दोनच पानं, बुडाशी चिकटलेली, पंख मिटत आलेल्या फुलपाखरासारखी. याचं लाकूड इतकं जड की पाण्यात तरंगत नाही. पलीकडच्या सालईच्या खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटले होते. तिच्या डिंकाला धुपाचा वास येतो. भाचीने तो बोट लावून लावून हुंगला.

कड्याशी पोचल्यावर मी भाचीला घट्ट धरून पाण्याच्या वाटा समजावल्या. आपण मागे टाकलेल्या पठारावरचं पाणी शिवना नदीला मिळतं, शिवना गोदावरीला, आणि ते पार बंगालच्या उपसागरात जातं. समोर दरीत पडणारं पाणी खाली खानदेशात उतरतं आणि गिरणा, तापी करत अरबी समुद्रात जातं. एकाच सरीचे थेंब, पण कुठल्या उतारावर पडले त्यावर त्यांचा समुद्र ठरतो. तिने लगेच पाण्याची बाटली उघडून दोन्हीकडे घोट घोट सांडलं. मला हे दृश्य फार आवडलं.

इथून पायऱ्या दरीत उतरतात. आईने पायऱ्या तिरक्या पावलांनी, थांबत थांबत उतरल्या. खाली ओढ्याच्या कडेला लेणी. इथली जुनी लेणी इसवी सनापूर्वी खोदलेली, म्हणजे अजिंठ्याच्या प्रसिद्ध चित्रांच्या कितीतरी आधीची. कातळ ठिसूळ असल्याने दर्शनी भाग बराचसा ढासळला आहे. तरी एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग उभी आहे आणि दाराशी भालाईत द्वारपाल. दगडमातीचा ढिगारा उपसताना इथे एक बुटका, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय : कन्हदास, सोनार. चैत्यगृहाच्या खांबावरचा एक लेख सांगतो की तो खांब पैठणच्या मितदेवाने दिला. त्याचं घराणं गंधिकांचं, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारं. पैठणहून उत्तरेकडे जाणारे व्यापारी याच डोंगरातून खाली उतरत. वर पठारावर आम्ही पाहिलेलं पाणी शिवनेतून पैठणच्या नाथसागर जलाशयात जातं आणि दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माणूस खांबाचं दान घेऊन इथे येतो, हे कळल्यापासून मला हा ओढा घरचा वाटू लागला आहे.

दरीच्या तोंडाशी, खानदेशाच्या बाजूला पाटणादेवीचं मंदिर. तिथल्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या देणगीचा शिलालेख 1207 सालचा आहे.

‘‘मावशी, वर जायला अजून किती पायऱ्या?’’ भाचीने परतताना पुन्हा पुन्हा विचारलं. आई मात्र दर वळणाला बसली, पाणी प्यायली आणि एकदाही तक्रार न करता वर आली. म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही गाडीतच बसा’ म्हणू नका. त्यांच्या चालीने चाला.

जायचं तर सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत जा. भर पावसात ओढ्याला अचानक लोंढा येतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. हा सगळा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. बिबट्या, अस्वल इथले रहिवासी आहेत आणि 2021 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही कॅमेऱ्यात दिसला होता. तेव्हा ऊन उतरायच्या आत पठार सोडा, गाणी मोठ्याने लावू नका आणि लेण्यांच्या भिंतींना हात लावू नका. तिथे रंगाचे अंश अजून शिल्लक आहेत.