विसरलेले आणि उरलेले

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात, स्मृतीच्या प्रकरणात, एक वक्ररेषा असते. ती आरंभी झपाट्याने खाली उतरते आणि मग जवळजवळ आडवी होऊन कागदाच्या कडेपर्यंत जाते. विद्यार्थी ती परीक्षेसाठी काढतो, खाली ‘एबिंगहाउसचा विस्मरणवक्र’ असे लिहितो, आणि मनुष्याच्या दुबळेपणाचा आणखी एक दाखला मिळाला असे समजून पान उलटतो. मला मात्र त्या रेषेच्या उतारापेक्षा तिचा तो आडवा, न संपणारा भाग अधिक मोलाचा वाटतो.

हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन विद्वानाने स्मृतीवरचा आपला ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगांत प्रयोग करणारा तोच आणि प्रयुक्तही तोच होता. अर्थपूर्ण शब्द पूर्वपरिचयाच्या आधाराने मनात सहज रुजतात, म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर बसवून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट सिद्ध केले आणि त्यांच्या याद्या घड्याळाच्या ठोक्यावर, एका लयीत वाचून तोंडपाठ केल्या. ह्या रुक्ष उद्योगामागे केवढी निष्ठा असेल! परंतु त्याची खरी प्रतिभा दिसते ती त्याने योजलेल्या मापात. यादीतले आता काय आठवते, एवढेच विचारून तो थांबला नाही. तीच यादी पुन्हा पाठ करावयास पहिल्यापेक्षा किती श्रम कमी पडतात, हे त्याने मोजले. जमाखर्चाच्या वहीत ज्या रकमेची नोंद कोठेच सापडत नाही, ती वर्षअखेरीच्या शिलकेत मात्र हजर असावी, तसा हा प्रकार आहे. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के. म्हणजे पहिल्या दिवसाने जेवढे हिरावून नेले, त्याच्या मानाने पुढच्या सबंध महिन्याने फारच थोडे नेले.

त्यालाच असेही आढळले, की बारा अक्षरगटांच्या यादीची एका बैठकीत ६८ आवर्तने करून जे साधते, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधते. दररोज तिन्हीसांजेला पावकी-निमकीचा परवचा म्हणवून घेण्याचा आपल्याकडील जुना शिरस्ता ह्या दृष्टीने किती शहाणपणाचा होता! आमच्या परीक्षांना मात्र फक्त आठवणे कळते. उरलेले मोजण्याचा रकाना गुणपत्रिकेत नाही, आणि म्हणून कित्येक मुलांच्या माथी ‘ह्याला काहीच येत नाही’ हा शेरा कायमचा बसतो, ह्याचे मला मनापासून दुःख होते.

ह्याहूनही विलक्षण हकीकत हेन्री मोलेसन ह्या अमेरिकन तरुणाची आहे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या ध्यानात राहीना. ब्रेंडा मिल्नर ह्या विदुषीने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली. आरशात हात उलटा दिसतो, पेन्सिल भलतीकडे वळते. तरीही तीन दिवसांत त्याच्या चुका सारख्या कमी होत गेल्या, आणि आपण हे काम पूर्वी केले आहे ह्याची आठवण मात्र त्याला एकदाही नव्हती. हाताची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत एका ठिकाणी वास करीत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

हे सारे मी वाचले होते; पाहिले ते आत्याच्या घरी. अखेरच्या वर्षांत तिला पोटच्या मुलांची नावे आठवत नसत, आणि येणारा प्रत्येकजण तिच्यापुढे वाकून ‘आत्या, मला ओळखलंत का?’ असा तगादा लावी, तेव्हा ती गांगरून पदराचे टोक चाळवीत बसे. एके दुपारी कोणीतरी देवघरातला कापूस तिच्यासमोर ठेवला. तिने एक पुंजका उचलून बोटांनी पातळ केला, त्याच्या कडा वर गोळा करून चिमटीत धरल्या, बोटाला किंचित दूध लावून शेंडा पिळला, आणि नेटकी फुलवात ताटात ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. हेन्रीची विद्या नवी होती, आत्याची साठ-सत्तर वर्षांची. पण दोघांच्याही हातांना जे ठाऊक होते, ते सांगावयास त्यांच्यापाशी शब्द नव्हते. त्या दिवसापासून वहिनीने घरात नियमच केला, की आत्याला कोणी काही विचारायचे नाही. आलेल्याने तिच्याजवळ बसायचे आणि तिच्याकडे पाहून वात वळायची. माझी वात सैल झाली, की ती काही न बोलता माझ्या हातून घेई आणि पुन्हा पिळून देई.