बाबू गेनूच्या वयाचे आजोबा

माझे आजोबा आणि हुतात्मा बाबू गेनू एकाच वयाचे. बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, जन्म १९०८ चा. आजोबा त्याच भागातल्या आळे गावचे. दोघांच्याही घरी गरिबी, आणि दोघांनाही मुंबईच्या गिरणीनेच पोटाला लावलं.

मुंबईला जायचं म्हणजे आजोबा भाकरी बांधून पहाटे निघत. ओतूर मागे टाकून माळशेज घाट उतरायचा, मुरबाडवरून कल्याण गाठायचं, मग आगगाडी. आज आळेफाट्यावर नगर-कल्याण आणि पुणे-नाशिक हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, आणि रात्रीही तिथे चहा मिळतो. त्याच माळशेजमध्ये पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला गर्दी लोटते. मला तिथून जाताना आजोबांचे अनवाणी पाय आठवतात.

परळला गावाचा गाळा होता. दिवसपाळीची माणसं उठली की रातपाळीची त्याच जागेवर अंग टाकायची. जेवण खानावळीत, पगारातून उरलेलं मनिऑर्डरीने गावी. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवायला बाबू गेनू रस्त्यात उभा राहिला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. आजोबा तेव्हा साच्यावर होते. पाळी सुटल्यावर कळलं, आपल्याकडचा पोरगा गेला. त्या रात्री गाळ्यात कुणी जेवलं नाही.

‘तो रस्त्यात होता, अन् मी साच्यावर,’ असं ते म्हातारपणीही म्हणत. मला त्यांची ही खंत कधीच पटली नाही. त्यांच्या मनिऑर्डरीवर घरातली सगळी तोंडं जगत होती. बाबू गेनूचं बलिदान थोरच. पण पाळीवर उभं राहून ज्यांनी घरं जगवली, त्यांचीही नोंद कुठेतरी व्हायला हवी. आजोबांचा तर धड एक फोटोही आमच्याकडे नाही.

पुढे ते गावी परतले. बहात्तरच्या दुष्काळात साठी ओलांडलेले आजोबा खडी फोडायला गेले. घरात मिलोची भाकरी आणि पोरांना सुकडी. कुकडी प्रकल्पाचं पाणी त्यांनी पाहिलं नाही. आता पिंपळगाव जोग्याचा कालवा आमच्या भागातून वाहतो, आणि ज्या रानात बाजरीही धरत नव्हती तिथला कांदा फाट्याच्या बाजारात जातो. तिकडे आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या जलाशयाला बाबू गेनूचं नाव आहे. जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं, हेही विसरून चालणार नाही.

१९८२ च्या गिरणी संपानंतर चुलतेही गिरणी सोडून आले, आणि आमच्या घराची मुंबई संपली. आता पुतण्या चाकणच्या कारखान्यात आहे. कंपनीची बस त्याला फाट्यावरून नेते आणि पाळी संपली की तिथेच आणून सोडते. त्याची पोरं रोज त्याच्या ताटात जेवतात. आजोबा मात्र चैत्रात, गावातल्या रेड्याच्या समाधीच्या यात्रेलाच घरी यायचे. मधल्या वर्षभरात माझ्या वडिलांना त्यांचा चेहराही नीट आठवत नसे.