नानीची कराची

भारताचा ई-व्हिसा मला कधी लागणार नाही, तुमच्यापैकी बहुतेकांनाही नाही. त्यामुळे आपल्या देशात पाहुणा म्हणून येणाऱ्याला आपण दारात काय काय विचारतो, हे आपल्याला ठाऊकच नसतं. मी तो अर्ज गेल्या महिन्यात पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला, कारण आमची केपटाउनची आपा येणार होती.

आपा म्हणजे माझ्या दादांच्या धाकट्या भावाची नात. खेड, मंडणगड, मुरुड या भागातल्या कोकणी मुसलमानांची केपटाउनमध्ये शंभर वर्षांहून जुनी वस्ती आहे, हे मुंबईतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही सांगावं लागतं. पुरुष जात, दुकानात नाहीतर गोदीवर काम करत, बायकामुलं गावाकडे राहत. १९१३च्या कायद्यानं तिथं नव्यानं जाण्याचा रस्ता जवळजवळ बंद झाला. जे आधी पोचले होते त्यांना गावी यायचं तर तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, हाताचे ठसे आणि मुदत. मुदत चुकली की परत जाण्याचा हक्क गेला. पुढे १९४६मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. नंतर कितीतरी वर्षं आपल्या पासपोर्टवर त्या देशासाठी तो चालणार नाही असं छापलेलं असे. संबंध पुन्हा जुळले ते १९९३मध्ये. तोवर आमच्याकडची म्हातारी माणसं एकेक करून गेली. उरली एकटी फुफी. नव्वदी ओलांडलेली, गुडघ्यानं अडलेली, पण डोक्यानं लख्ख. आपाला तिला भेटायचं होतं, आणि ही भेट पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी नव्हती.

भारताची ही ऑनलाइन सोय २७ नोव्हेंबर २०१४ला सुरू झाली, तेव्हा ती ४३ देशांसाठी होती. आता यादी दीडशेच्या पुढे गेली आहे. वकिलातीत जायचं नाही, पासपोर्ट पोस्टानं पाठवायचा नाही. अर्ज भरा, फोटो आणि पासपोर्टचं पान चढवा, पैसे भरा, ईमेलची वाट पाहा. आपानं गुगलवर शोधलं तर सगळ्यात वर तिरंगा, अशोकस्तंभ वगैरे लावलेलं एक पान आलं. ते खाजगी दलालाचं निघालं, फी कितीतरी जास्त. सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं. तुमच्या परदेशातल्या नातेवाइकांना एवढी एक गोष्ट आधी सांगून ठेवा.

फोटोनं दोन दिवस घेतले. चौकोनी हवा, मागे पांढरं, चष्मा नको, चेहऱ्यावर सावली नको. आपानं स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून नवऱ्याकडून काढून घेतलेले सात फोटो मला व्हॉट्सॲपवर आले. सगळ्यांत ती रागावलेली दिसत होती. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ ३०० केबीच्या आत बसवायला तिचा मुलगा बसला. धर्म कोणता, हा रकाना आहे. अंगावर दिसणारी खूण कोणती, हाही आहे. खूण म्हणून तिनं हनुवटीवरचा तीळ लिहिला, तो आमच्या घराण्यात तिघांना आहे. भारतात ओळखीचं कोण, तिथं माझं नाव, पत्ता, फोन.

मग तो प्रश्न आला. तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा, बापाकडचे वा आईकडचे, पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागातले होते का? होय की नाही.

आपाचा आवाज फोनवर बारीक झाला. तिच्या नानीचे दोन्ही भाऊ कराचीत होते, हे तिनं आईकडून ऐकलं होतं. नानीही तिकडे गेली होती म्हणतात. किती दिवस? कागद कुठले होते? आई आता नाही. "नाही लिहिते आणि पुढे जाते," असं म्हणणारी आपा नव्हे, ती चाळीस वर्षं शाळेत शिकवत आलेली आहे. होय लिहिलं तर ई-व्हिसाचा रस्ता संपला. पाकिस्तानी मूळ असलेल्याला, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, वकिलातीतून साधा व्हिसा मागावा लागतो, आणि त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका ब्रिटिश पासपोर्टवाल्या कुटुंबात बापाचा जन्म कराचीचा आहे, त्यांना दरवेळी तसंच यावं लागतं. त्या बापाचे आजोबा दापोली तालुक्यातले होते, पण हा रकाना एवढ्या मागे जात नाही.

मी फुफीकडे गेलो. आपाची नानी शेजारच्या गावची, फुफीनं तिला चांगलं पाहिलेलं. प्रश्न मराठीत करून सांगितला.

"नागरिक म्हणजे?" फुफीनं विचारलं.

"तिकडचीच झाली होती का ती? तिकडचा पासपोर्ट वगैरे?"

"ती कशाला होईल? भाऊ बोलावत होते म्हणून गेली. नवरा आफ्रिकेत, पदरात पोरगी, इथं सासू एकटी. आगबोटीनं गेली मुंबईहून. ईद तिकडे केली आणि पावसाच्या आधी परत आली. सासूला रातांधळं होतं ना."

"कुठल्या साली?"

साल तिला नाही. पण गांधीजींना मारलं तेव्हा नानी तिकडे होती आणि सासू दार लावून रडत बसली होती, हे तिला आठवतं. म्हणजे १९४८चा पाऊस. मी घरी येऊन हिशेब केला. पश्चिम पाकिस्तानातून इकडे यायला परमिट लागू लागलं ते त्याच वर्षी जुलैमध्ये. पासपोर्टची पद्धत आली १९५२मध्ये. नानी आणखी एक पावसाळा भावांकडे राहिली असती, तर तिला सहजासहजी परत येता आलं नसतं, आणि आज तिच्या नातीला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागलं असतं. नानीच्या डोक्यात असलं काही नसणार. तिला सासूच्या डोळ्यांची काळजी होती.

१९५१ला फुफीच्या लग्नात ओट्यावर तांदूळ निवडायला नानी होती. तिची कबरही गावच्या कबरस्तानात आहे. एवढी खात्री झाल्यावर आपानं "नाही"वर टिचकी मारली.

अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी भरायचा असतो, आपानं दोन आठवडे आधी भरला. तिसऱ्या दिवशी मंजुरीचं ईमेल आलं. त्याची छापील प्रत जवळ ठेवायची, मुंबईच्या विमानतळावर बोटांचे ठसे द्यायचे. मी आपाला तिच्या आजोबांच्या परवान्याबद्दल सांगितलं. तो परवाना तिच्याकडे आहे म्हणाली, येताना घेऊन येते.

परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, आणि ती यजमानानं करायची. तेव्हा आता अर्ज भरायची पाळी माझी आहे. फुफी रोज विचारते, तिच्या घरात उतरणार की माझ्या. तिला वाटतं, गाद्यांसाठी विचारतोय.