चालेल म्हणजे कुठे?

'पेट फ्रेंडली' या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. मागच्या वर्षी दापोलीकडच्या एका होमस्टेवाल्यांनी फोनवर "हो हो, चालेल की" म्हटलं. पुण्याहून पोचल्यावर कळलं, चालेल म्हणजे रात्री अंगणात माडाला बांधलेला चालेल. आमची चिकू 13 वर्षांची, एका डोळ्याने दिसत नाही तिला. ती रात्र आम्ही दोघींनी गाडीच्या मागच्या सीटवर काढली. (डासांचं विचारू नका.)

यंदा नेमकं विचारलं: खोलीत झोपेल का? वाडीत तुमची कुत्री मोकळी असतात का? चौघांनी सरळ नाही म्हटलं. राग नाही आला, आधीच कळलं हे बरं.

पाचव्या घरच्या काकूंनी उलट मलाच विचारलं, "किनाऱ्यावर पट्टा लावूनच न्याल ना?"

मार्च होता. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. कुत्री ती उकरून खातात, म्हणून गावकरी अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात. माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता. तेच घर ठरवलं.

चिकू पंख्याखाली झोपली. सकाळी पट्टा ताणून तिने समुद्र बराच वेळ हुंगला. परतलो तर काकूंनी तिच्यासाठी बिनमिठाचा भात वेगळा काढून ठेवला होता.